बरोबर पस्तीस

१

आमच्या हॉलमध्ये धडक झाली की निळं पाणी गळतं. लाल कधी गळत नाही.

गाड्या फोडणं हे आमचं काम. बाजारात आणायच्या आधी कंपन्या गाड्या आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यांना नाव ठेवत नाही, नुसता नंबर देतो. आत पट्टे लावून दोन डमी बसवतो आणि समोरून चौदाशे किलोचा गाडा ताशी साठच्या वेगाने आणून आदळतो. टाकीत पेट्रोलऐवजी निळा रंग घातलेलं पाणी असतं. गळलं तर लगेच दिसतं आणि आग लागायची भीती नाही.

मी तिथे गणित करते. धडकेत गाडीचा वेग किती बदलला, हे काढायचं. लोक मला विचारतात, गाडी किती जोरात होती हो? अरे, त्या जोराला काय चाटायचंय! शंभराच्या वेगातून हळूहळू थांबलात तर तुमचा केसही वाकडा होत नाही. पापणी लवायच्या आत वेग किती बदलला, त्यावर माणूस चालत बाहेर येतो की उचलून आणावा लागतो, ते ठरतं. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना मला राग येतो.

त्या दिवशी एकाच मॉडेलची चौथी गाडी होती. सकाळी नऊला मी वजनाची चिठ्ठी आणायला काटाखोलीत गेले. चार चाकांखाली चार काटे, आणि त्यांच्यावर नजर ठेवून तोळेकाका. साठीला आलेला माणूस, शर्टाला कडक इस्त्री, हजार किलोत तोळ्याचाही फरक चालायचा नाही म्हणून हे नाव. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'एक हजार किलो' आणि खाली सही.

"काका, इथे ओलं आहे. माझा बूट बघा, निळा झाला!" मी ओरडले.

"पुसतो हं, ताई," ते म्हणाले. गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी गाडीच्या अपघातात गेली, तेव्हापासून त्यांच्यावर आवाज चढवला की मलाच नंतर वाईट वाटतं. मी चिठ्ठी घेऊन निघून आले.

साडेअकराला सगळे काचेमागे जमलो. बटणापाशी माझा धाकटा भाऊ. तोळेकाका त्याला म्हणाले, "आज मी दाबतो रे बटण."

"काका, तुमचं वजन करून झालं. आता माझ्या पोटावर पाय नका देऊ," भाऊ हसत म्हणाला. आम्हीही हसलो.

आमच्याकडे एक रीत आहे. वेगाच्या फरकाचा अपेक्षित आकडा मी मोठ्याने वाचायचा, मग 'सोडा' म्हणायचं. त्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. हॉलमधल्या भोंग्यातून माझा आवाज घुमतो.

"पस्तीस. सोडा."

भावाने बटण दाबलं. गाडा सुटला. तो दणका कानांना नाही, छातीला बसतो. गाडीचं तोंड आत गेलं, काचेचा चुरा उडाला, अख्खी गाडी मागे फेकली गेली आणि जाळीवर जाऊन थडकली. मग नेहमीसारखी शांतता.

डमीमावशी सगळ्यांत आधी धावते. डमी बसवणं, पुसणं, तुटलेले हात-पाय जोडणं तिचं काम. त्यांना ती बाळं म्हणते. ती गाडीपाशी पोचली आणि जागीच थांबली. मागच्या दाराच्या फटीतून काहीतरी ठिबकत होतं. लाल.

मागची सीट काढून तिथे आम्ही वाळूच्या पिशव्या ठेवतो, गाडी बरोबर एक टन भरावी म्हणून. वर काळी ताडपत्री. भावाने ती ओढली.

खाली सहीसाहेब होते. हात मागे बांधलेले, तोंडावर आमचीच चिकटपट्टी, मान भलतीकडेच वळलेली. नाकाच्या जागी नाक राहिलं नव्हतं. आमच्या प्रत्येक रिपोर्टवर शेवटची सही करणारा हा माणूस. काल संध्याकाळी माझ्यावर खेकसत होता. भाऊ तिथेच भडाभडा ओकला.

तासाभराने पोलिसांचा डॉक्टर हात पुसत उठला. "डोक्यात मागून घाव घातलाय. पण त्याने मेला नाही," तो म्हणाला. "धडक बसली तेव्हा हा माणूस जिवंत होता."

२

फौजदार माझ्याच वयाचा होता, पण आवाज असा की हॉलमधले भोंगे काढून टाकावेत. त्याने सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि विचारलं, "याच्याशी कुणाचं वाकडं होतं?"

 डमीमावशीच्या पोटात काही राहत नाही. ती रडत रडत भावाकडे बघायला लागली. संपलं. फौजदाराने पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं.

काल संध्याकाळी सहीसाहेबांनी माझा कागद माझ्या तोंडावर फेकला होता. "आकडे लिहायची अक्कल नाही आणि इथे बसलीय," म्हणाले आणि मला खांद्याला धरून बाजूला ढकललं. भावाने त्यांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. आणि ओरडला, "एक दिवस तुम्हालाच गाडीत घालून गाडा सोडतो की नाही बघा!"

सगळ्यांनी ऐकलं होतं. मीही.

"सोपं आहे," फौजदार म्हणाला. "साडेसातला साहेब गेटातून आत आले. नंतर कुणाला दिसले नाहीत. नऊला गाडीचं वजन झालं. बरोबर एक हजार. म्हणजे तेव्हा माणूस गाडीत नव्हता. बरोबर, काका?"

"वजन एक हजारच होतं," तोळेकाका हळू म्हणाले.

"दहा ते साडेदहा सगळे चहाला कँटीनमध्ये. हॉलमध्ये गाडी आणि हा एकटा. डोक्यात घाव धडकेच्या एक ते चार तास आधी. अजून काय पाहिजे?" तो भावाकडे वळला. "काय रे, म्हटल्याप्रमाणे केलंस ना?"

 फौजदाराने खाडकन त्याच्या थोबाडीत मारली. भावाचा ओठ फुटला. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तो मी मनगटात पकडला.

"हात खाली घ्या," मी म्हटलं. "आईने त्याला कधी मारलं नाही, तुम्ही कोण लागून गेलात?"

फौजदार बघतच राहिला. भाऊ मात्र माझ्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"बटण मीच दाबलं, साहेब," तो म्हणाला. "मीच मारलं त्यांना."

"अरे गाढवा, गप्प बस!" मी किंचाळले.

"लिहून घ्या," फौजदार हवालदाराला म्हणाला. "आणि सही घ्या याची."

३

भावाला गाडीत घातलं. उद्या सकाळी कोर्टापुढे उभा करणार, म्हणाले. सही केलेला जबाब असल्यावर त्याला कोण सोडवणार? मी माझ्या टेबलाशी येऊन बसले.  काहीतरी करायचं म्हणून पसारा आवरायला घेतला.

गाडीतल्या पेटीने मोजलेला आकडा छापलेला कागद तसाच पडला होता. एवढ्या गोंधळात तो बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी बघितला.

पस्तीस पॉइंट शून्य.

बरोबर आलाय, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला. आणि मग तो परत उचलला. बरोबर कसा काय आला?

आमचं गणित शाळेतलं आहे. गाड्याचं वजन चौदाशे, त्याचा वेग साठ. समोर एक हजार किलोची उभी गाडी. दोघं एकमेकांना चिकटून सरकतात, तेव्हा चौदाशे गुणिले साठ भागिले चोवीसशे. उत्तर पस्तीस. समोरचं वजन वाढलं तर भाजक मोठा होतो आणि आकडा उतरतो. जड माणसाला ढकललं की तो कमी हलतो, एवढंच.

मी डॉक्टरला फोन लावला. "वजन किती त्यांचं?"

"त्र्याऐंशी. कशाला हवंय?"

त्र्याऐंशी किलो वजनानंतर गाडीत गेले असते तर आकडा तेहतीस पॉइंट आठ यायला हवा होता. सव्वाचा फरक. बाहेरच्यांना तो काहीच वाटणार नाही, पण आधीच्या तीन गाड्यांमध्ये आमचा फरक एकदशांशाच्या पुढे गेला नव्हता. पेटीला सहीसाहेबांचं प्रेम नव्हतं की भावाचा राग नव्हता. ती सांगत होती की आत माणूस असूनही गाडी एक टनच होती.

म्हणजे त्र्याऐंशी आत गेले तेव्हा तेवढेच बाहेर काढले होते.

मी पळत सामानखोलीत गेले. रॅकखाली वाळूच्या आठ पिशव्या होत्या. चार-चारच्या दोन थप्प्या, सगळ्या गाठी एका बाजूला. त्यांच्यावर मी दुपारी माझी पर्स टेकवली होती, आणि मला काही कळलं नव्हतं! हॉलमध्ये येऊन फुटक्या गाडीत डोकं घातलं. नऊ पिशव्या असायला हव्यात, होती एक. दहा-दहा किलोच्या आठ म्हणजे ऐंशी.

धापा टाकत मी फौजदाराला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या भावाने आधी पिशव्या काढल्या आणि मग माणूस ठेवला," तो म्हणाला. "अर्धा तास होता की त्याच्याकडे. बरं झालं सांगितलंत, जबाबाला जोडतो."

मी फोन हातात धरून उभी राहिले. भावाच्या गळ्यातला फास मीच आवळून दिला होता.

४

मग मी एकेकाला गाठलं.

मोठे साहेब, म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख, खोलीत येरझारा घालत होते. त्यांना मेलेल्या माणसापेक्षा कंपन्यांच्या फोनची काळजी जास्त.

"ताई, विषय वाढवू नका."

"माझा भाऊ आत आहे, साहेब. विषय मी वाढवणार. सहीसाहेब आज साडेसातला कशाला आले? एरवी दहाच्या आत पाऊल टाकत नाहीत."

ते खुर्चीत बसले. "एक फाइल सापडत नव्हती. दोन वर्षांपूर्वीची, सतरा नंबरची गाडी. कालपासून कपाटातून गायब होती. ते घाबरले होते. कुणी नसताना शोधतो म्हणाले."

"सतरा नंबरात काय होतं?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि पेपरवेट फिरवायला लागले. त्यांना माहीत होतं.

डमीमावशी फुटलेल्या डमीचा खांदा मांडीवर घेऊन बसली होती. सतरा म्हणताच तिचे डोळे भरले. "माझ्या बाळाची छाती फुटली होती त्या गाडीत. पट्ट्याचा हूक मुळासकट उपटून आला, ताई! या हाताने उचलला मी. सहीसाहेब म्हणाले, ही चाचणी मोजायची नाही, यंत्र बिघडलं होतं. दुसऱ्या दोन धरल्या आणि गाडी पास केली."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही गं. परवा फक्त तोळेकाकांना. त्यांनी विचारलं म्हणून."

"आणि आज ताडपत्रीखाली तू बघितलं होतंस का? डमी बसवताना?"

"मी? पिशव्यांना तोळेकाका कुणाला हात लावू देतात का! एकदा ताडपत्री नुसती सरळ केली, तर अंगावर धावून आले. स्वतःच ठेवतात, स्वतःच काढतात. गाडी काट्यावर चढायच्या आधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा खाली वाकून मोजतात."

 मला आणखी एक गोष्ट आठवली. सहा महिन्यांपूर्वी तोळेकाका एक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले होते. दोन गाड्यांची वजनं, धडकेनंतर किती घसरल्या त्याची मापं. "एवढं गणित करून दे, ताई. मुलीची गाडी आहे." मी केलं. तिच्या गाडीचा वेग बावीसने बदलला होता. आणि मी माझ्या फटकळ तोंडाने बोलून गेले होते, "बावीसला माणूस मरत नाही, काका. पट्टा लावला असेल तर नाहीच."

"पट्टा लावला होता," ते म्हणाले होते.

मी काटाखोलीत गेले. तोळेकाका काटे पुसत होते. मला बघून त्यांचे हात थांबले.

"पोराला मारलं का गं त्यांनी?"

"ओठ फुटलाय."

ते स्टुलावर बसले आणि तोंडावर फडकं दाबून रडले.  मी खाली बघत होते. फरशी आता लखलखत होती. पण माझ्या उजव्या बुटाच्या कडेला सकाळचा निळा डाग तसाच होता.

५

संध्याकाळी पाचला फौजदार आला, तोही वैतागून. "काय दाखवायचंय ते लवकर दाखवा."

"भावाला आणलंय?"

"बाहेर गाडीत आहे. चला."

मी त्याला फुटक्या गाडीच्या मागे नेलं. "टाकीचं झाकण आणि खालची तोटी बघा. दोन्हींना सील आहे?"

"आहे. त्यावर सही आहे."

"तोळेकाकांची. वजन झाल्यावर गाडी काट्यावरून खाली घ्यायच्या आधीच ते सील मारतात. नंतर टाकीत थेंब घालता येत नाही, काढता येत नाही. टाकी फुटलेली नाही, खाली निळा डाग नाही. मान्य?"

"मान्य. पुढे?"

"टाकीत तीस लिटर पाणी भरतात. हे भरणाऱ्याचं रजिस्टर. आधीच्या तिन्ही गाड्या नऊ पिशव्या आणि तीस लिटरवर बरोबर एक टन भरल्या. या गाडीतही काल संध्याकाळी तेवढंच भरलंय. आता तोडा सील."

त्याने तोडलं. आम्ही खालची तोटी उघडली आणि मापाच्या डब्यात पाणी काढलं. पाच, दहा, पंधरा. फौजदाराची पॅन्ट निळी झाली तरी तो हलला नाही. सत्तावीसवर धार संपली.

"तीन लिटर कमी," तो म्हणाला.

"तीन लिटर म्हणजे तीन किलो. आठ पिशव्या ऐंशी किलो. बेरीज करा."

तो डब्याकडे बघत राहिला. "त्र्याऐंशी."

"पिशव्या भाऊ काढू शकला असता. पण सील लावलेल्या टाकीतून पाणी कसं काढणार? आणि तीनच लिटर काढायचं हे त्याला कुठल्या काट्याने सांगितलं? हे पाणी सकाळी नऊच्या आत, गाडी काट्यावर असताना काढलंय. तिथेच सांडलं आणि माझ्या बुटाला लागलं. म्हणजे वजन झालं तेव्हा सहीसाहेब गाडीत होते."

"म्हणजे वजन करणाऱ्याला फसवून..."

"पिशव्या ताडपत्रीखाली असतात, साहेब," मी म्हटलं.  "आठ पिशव्या काढणाऱ्याला खाली कोण पडलंय ते दिसतं. आणि पिशव्यांना इथे एकाच माणसाचा हात लागतो."

फौजदार उठला. काटाखोलीचं दार आतून बंद होतं.

६

आतून ठण ठण आवाज येत होते. फौजदाराने आणि हवालदाराने खांदा लावून दार फोडलं.

तोळेकाका घणाने काटे फोडत होते. तीन फोडून झाले होते. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता. आम्हाला बघून त्यांनी घण डोक्यावर उचलला; हवालदार मागे सरला. मी पुढे झाले. शहाणपणा नव्हता तो, डोकं फिरलं होतं माझं.

"मारा," मी म्हटलं. "माझ्या भावाला तर मारलंच आहे तुम्ही."

घण त्यांच्या हातातून सुटला आणि माझ्या पायाशी आदळून फरशी फुटली.

"माझ्या पोरीची गाडी सतरा नंबरच्याच मॉडेलची होती, ताई," ते म्हणाले. "त्या सतरा नंबरचं वजन मीच केलं होतं, माझ्या अक्षरात चिठ्ठी होती फाइलमध्ये. आणि त्याची सही! 'पस्तीसच्या फरकाला आतला माणूस सुरक्षित.' माझी पोर बावीसला मेली गं. हूक उपटून आला आणि ती काचेवर गेली. तूच म्हणालीस, बावीसला माणूस मरत नाही."



"सकाळी त्याच्यापुढे फाइल धरली. विचारलं, का केलंस? म्हणाला, तुमची एक मुलगी गेली म्हणून मी अख्खं मॉडेल थांबवायचं होतं का? मी पान्हा हाणला डोक्यात. मग वाटलं, असा नको मरायला. ज्या धक्क्याला काही होत नाही म्हणून सही ठोकलीस, तो धक्का खाऊन बघ."

"मग वजन कशाला जुळवलंत?" फौजदाराने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तशीच चिठ्ठी लिहिली असती तर कुणाला कळलं असतं?"

तोळेकाकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की याला साधं कसं कळत नाही.

"एक हजार त्र्याऐंशी होतं. त्याला एक हजार लिहू? चौतीस वर्षांत एक खोटी चिठ्ठी लिहिली नाही मी."

दारात काहीतरी धडपडलं. भाऊ. बाहेरच्या पोलिसाच्या हातातून सुटून तो आत आला होता, हातात बेड्या. त्याने सगळं ऐकलं होतं.

"काका," तो म्हणाला, "बटण मी दाबणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी दाबणार होतो, बाळा. तुला म्हणालो होतो..."

"मी नाही म्हटलं तेव्हा सांगायचं होतं! एक शब्द! 'थांब' म्हणायचं होतं!"

"तोंडात आला होता," म्हातारा म्हणाला. "पण मला तो मरायला हवा होता."

भाऊ त्यांच्यावर तुटून पडला. दोघं उरलेल्या एका काट्यावर कोसळले. बेड्यांसकट दोन्ही मुठी वर करून तो त्यांच्या तोंडावर हाणत होता, एक, दोन, तीन; दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. म्हातारा हात आडवा करत नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर वजनाचा आकडा वेड्यासारखा वरखाली होत होता. आम्ही तिघांनी मिळून भावाला ओढून काढलं, तेव्हा त्याने आपलं डोकं भिंतीवर आपटायला घेतलं. मी मध्ये हात घातला. माझी करंगळी मोडली ती तेव्हा.

तोळेकाका रक्ताची गुळणी थुंकून उठून बसले. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं. मग स्वतःच हात पुढे केले.

७

भाऊ दुसऱ्या दिवशी सुटला. फौजदाराने त्याचा जबाब माझ्यासमोर फाडला आणि "माफ करा," एवढंच म्हणाला. मी त्याला माफ केलं नाही, पण चहा दिला. सतरा नंबरचं मॉडेल रस्त्यावरून परत बोलावलंय. मोठे साहेब आता रोज पोलीस चौकीत जातात आणि घामेजून परत येतात. सगळं नीट झालं म्हणायचं.

भाऊ मात्र कामावर आला नाही. आठवड्याने वहिनीचा फोन आला. आमच्यात भावाच्या बायकोला, लहान असली तरी, वहिनीच म्हणतात. ती रडत होती. त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट दाराच्या फटीत धरून दार आपटून घेतलं होतं.

दुपारी मी गेले. तो घरामागच्या पायरीवर बसला होता. बोटाला पट्टी, नख काळं. माझ्या करंगळीलाही पट्टी. बघून हसू यावं अशी जोडी होती, पण कुणी हसलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "तो शुद्धीवर होता का गं? आत पडून ऐकलं असेल का त्याने?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आमच्या घराण्यात ते कुणाला नीट जमत नाही.

"ऐकलं असेल तर माझा आवाज ऐकला त्याने," मी म्हटलं. "बोट तुझं होतं, शब्द माझा. मी 'सोडा' म्हटलं नसतं तर तू दाबलं असतंस? आणि काकांना बावीस कुणी सांगितलं? मीच ना? तुला एकट्याला सगळं घ्यायचा हक्क कुणी दिला रे?"

 त्याची हनुवटी थरथरायला लागली. लहानपणी पडला की आधी अशीच थरथरायची.

"गाडीत एक माणूस जास्त बसला की काय होतं?" मी विचारलं.

"वजन वाढतं."

"आणि?"

"धक्का कमी बसतो." त्याने नाक पुसलं. "सव्वाच कमी, ताई. सव्वाने काय होतंय?"

"सव्वा तर सव्वा," मी म्हटलं. "सरक."

तो सरकला.